चालण्या-धावण्याचे बूट : निवड आणि काळजी

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांची कोणी मोजदाद केली, तर ‘नियमित चालत जा’ हा सल्ला बहुधा पहिल्या क्रमांकावर येईल. मधुमेह असो, रक्तदाब असो, वाढलेले वजन असो की मनाची मरगळ असो, औषधांच्या यादीखाली ‘रोज ४५ मिनिटे चालणे’ ही ओळ लिहिलेली असतेच. सल्ला उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि भरभर चालणे हा त्याचा सर्वांत सोपा प्रकार होय. परंतु ‘चाला’ असे सांगणारे आम्ही डॉक्टर ‘पायांत काय घालून चाला’ हे सहसा सांगत नाही. ही उणीव आमची आहे. ती मनाला लागून राहावी असा एक प्रसंग घडला, म्हणून यंदाच्या अहवालातील आरोग्यविषयक लेखासाठी हा विषय निवडला आहे.

प्रसंग असा. वयाची साठी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक गेली चौदा वर्षे मधुमेहाच्या उपचारांसाठी आपल्याकडे येतात. साखर थोडी वाढलेली दिसली म्हणून मी त्यांना रोज सकाळी चालण्याचा आग्रह केला. त्यांनी तो मनावर घेतला. अमेरिकेत नोकरीस असलेल्या त्यांच्या चिरंजीवांनी दूरध्वनीवरून ‘‘बाबा, तुमचा नंबर किती?’’ असे विचारले, सरांनी ‘‘नऊ’’ असे सांगितले, आणि महिन्याभरात नामांकित कंपनीचे, धावपटू वापरतात तसले बूट घरी आले. सर शाळेच्या मैदानावर फेऱ्या घालू लागले. चौथ्या दिवशी मोजे धुवायला घेताना त्यांच्या पत्नीला एका मोज्यावर तांबूस डाग दिसला. पाहतात तो, डाव्या पायाच्या करंगळीच्या बाहेरच्या अंगाला फोड येऊन फुटलेला. सरांना त्याचा पत्ताही नव्हता. हळद लावली, पट्टी बांधली, फेऱ्या चालूच राहिल्या. तीन आठवड्यांनी ताप भरला तेव्हा ते रुग्णालयात आले. तोवर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचला होता आणि करंगळी काढावी लागली. शस्त्रक्रियेनंतर एका तपासणीच्या वेळी ते मला म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, बूट तर पायाला अगदी घट्ट, छान बसले होते हो!’’

त्यांच्या या वाक्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ. त्यांच्याच अनुमतीने, नाव न देता, ही हकीकत येथे सांगितली आहे. ती नीट समजण्यासाठी आधी निरोगी पावलाचा आणि सर्वसाधारण बुटाचा विचार करावयास हवा.

पाऊल आणि त्यावरील भार

मानवी पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तीन ठिकाणी प्रामुख्याने भार टेकतो व मध्ये तळव्याची कमान धनुष्यासारखी ताणली जाते, सैल होते. मिनिटाला शंभर पावले या गतीने ४५ मिनिटांत साडेचार हजार पावले पडतात; म्हणजे प्रत्येक पाय सव्वादोन हजार वेळा जमिनीला टेकतो. चालताना दर वेळी शरीराच्या वजनाहून थोडा अधिक भार पावलावर येतो. धावताना तो वजनाच्या दोन ते तीन पट होतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत हा आकडा १४० ते २१० किलोपर्यंत जातो. बुटाच्या आतील एखादी जाड शिवण दुकानात दोन मिनिटे उभे असताना जाणवतही नाही. पण तीच शिवण एका सकाळी सव्वादोन हजार वेळा त्याच जागी घासली, की त्वचा हार मानते.

चांगल्या व्यायामी बुटाची रचना पाहण्यासारखी असते. खाली झिजेला टिकणारा रबराचा तळ. त्यावर भार झेलणारा मऊ फेसाचा मधला थर, जो बहुधा ‘ईव्हीए’ या हलक्या प्लॅस्टिकचा असतो. त्यावर काढता-घालता येणारी आतली गादी. मागे टाचेला वाटीसारखे धरणारा कडक भाग. आणि वर हवा खेळती ठेवणारे जाळीदार कापड. यांपैकी मधला थर हाच बुटाचा प्राण होय, आणि नेमका तोच डोळ्यांना सर्वांत कमी दिसतो. गिऱ्हाईक पाहते ते रंग आणि नाव.

दुकानात पारख कशी करावी

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभराच्या उभे राहण्याने पावले किंचित सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट सायंकाळी आवळतो. व्यायामाच्या वेळी जे मोजे घालणार तेच घालून जावे. दोन्ही पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात, म्हणून दोन्ही पायांत बूट घालून पाहावा व जो पाय मोठा त्याच्या मापाने घ्यावा. माप बसून घेऊ नये. उभे राहिल्यावर कमान किंचित दबते आणि पाऊल लांब व रुंद होते.

बूट घालून, नाड्या बांधून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी, साधारण एक सेंटिमीटरभर जागा मोकळी असावी. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असे नव्हे. पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते, आणि अशांची नखे काळी-निळी होण्याचे कारण बहुधा तेच असते. आत बोटे हलवता आली पाहिजेत. चवड्याच्या सर्वांत रुंद भागावर बुटाचे कापड ताणून फुगलेले दिसता कामा नये. याची एक सोपी चाचणी आहे. आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवावी व तिच्यावर उभे राहावे. पाऊल कडेच्या बाहेर सांडत असेल, तर तो बूट आपला नव्हे, मग त्याची किंमत काहीही असो. टाच मात्र मागे घट्ट धरलेली हवी. चालताना ती वर-खाली सरकू नये. सरकत असेल, तर नंबर कमी करण्यापूर्वी नाडी तपासावी. बऱ्याच बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असते आणि ते वर्षानुवर्षे रिकामेच राहते. त्यातून नाडी ओवून लहानसा फासा करावा व समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओढून बांधावी. टाच जागेवर बसते आणि चवडा आवळला जात नाही.

मग बूट हातात घेऊन टोकाकडून वाकवून पाहावा. जेथे पावलाची बोटे वाकतात, तेथेच, चवड्यापाशी, तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट कमानीला आधार देत नाही. टाचेमागची वाटी चिमटीत दाबली असता सहज चेपू नये. शेवटी, दुकानातल्या दुकानात पाच मिनिटे चालावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल. ‘‘वापरून सैल होईल हो,’’ या आश्वासनावर विसंबू नये. चामडे थोडेफार सैल होते. हल्लीचे कृत्रिम कापड फारसे होत नाही. पहिल्या दिवशी जो बूट सुखाचा नाही, तो महिन्याने सुखाचा होईल ही आशा व्यर्थ असते.

नंबरांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आमच्या सरांच्या बाबतीत अपघाताची सुरुवात तेथेच झाली. आपल्याकडे दुकानांत सर्वसाधारणपणे जो नंबर चालतो, तो ब्रिटिश पद्धतीचा. त्यातील एका पूर्ण नंबराचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. अमेरिकन पद्धतीत पुरुषांच्या बुटांचा नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा साधारण एकाने जास्त धरतात, स्त्रियांच्या बुटांचा सुमारे दोनाने. म्हणजे अमेरिकेतील ‘नऊ’ हा आपला ‘आठ’. युरोपातील मोजणी तर तिसरीच. तेथे बेचाळीस-त्रेचाळीस असे आकडे असतात. मुलाने वडिलांसाठी प्रेमाने नऊ नंबरच घेतला, आणि वडिलांच्या पायांत साडेआठ मिलिमीटरांनी लहान बूट आला. परदेशी असलेल्या मुला-मुलींनी आई-वडिलांसाठी बूट पाठवू नयेत असे मी म्हणत नाही. कोऱ्या कागदावर पाऊल ठेवून उभे राहावे, पेन्सिल सरळ धरून कडेने रेघ काढावी, आणि टाचेपासून लांब बोटापर्यंतची लांबी व चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये कळवावी. मिलिमीटर सर्व देशांत सारखेच असतात.

रुंदीचा उल्लेख मुद्दाम केला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली. भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी पावलांच्या मानाने रुंद असल्याचे त्यातून दिसून आले. भारतीय पावलांसाठी स्वतंत्र मापपद्धती ठरविण्याचे प्रयत्न त्यातूनच सुरू झाले. रुंद पावलाचा माणूस अरुंद बूट मिळाला की लांबीचा एक नंबर वाढवून घेतो. मग बूट लांबीला ढिला आणि रुंदीला घट्ट असा दोन्हीकडून चुकतो. कंपनीने ‘वाइड’ म्हणून वेगळी रुंदी काढली असेल, तर तीच मागावी.

‘आधार’ म्हणजे नेमके काय?

मोठ्या शहरांतील दुकानांत यंत्रावर चालवून ‘तुमचे पाऊल आत कलते, तुम्हाला विशेष आधाराचा बूट लागेल’ असे सांगण्याची पद्धत आहे. घरच्या घरी ओले पाऊल फरशीवर उमटवून ठसा पाहण्याची युक्तीही पुष्कळांना ठाऊक असते : ठसा मध्ये भरीव असेल तर पाऊल सपाट, मध्ये तुटक असेल तर कमान उंच. ठसा खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तितका पक्का नसतो. अमेरिकेच्या सैन्यदलांत भरती झालेल्या जवानांना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन, आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे बूट देऊन दुखापतींची तुलना करण्यात आली. २००९ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत दोन्ही गटांतील दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना एकाच साध्या प्रकारचे बूट देऊन वर्षभर त्यांची नोंद ठेवण्यात आली. ज्यांची पावले आत कलत होती त्यांना अधिक दुखापती झाल्या, असे तेथेही दिसले नाही.

मग निवडीचा आधार कोणता? कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सैनिकांना सहा प्रकारच्या आतल्या गाद्या दाखवून स्वतःला सर्वांत सुखाची वाटेल ती निवडण्यास सांगितले. निवडी परस्परांपासून अगदी भिन्न निघाल्या; परंतु आपल्या आवडीची गादी वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या. शरीराला स्वतःच्या चालीचे भान असते आणि ‘सुख वाटणे’ हे त्या भानाचे लक्षण आहे, असा विचार त्यानंतर क्रीडावैद्यकात रुजत गेला. मला स्वतःला तो पटतो. ज्यांना पायांचा काही विकार नाही त्यांनी किमतीला आणि जाहिरातीला भुलू नये. चार जोड घालून पाहावेत आणि जो घातल्यावर पायांचा विसरच पडेल तो घ्यावा. अर्थात टाचदुखी, गुडघ्याची झीज, पावलाची रचनात्मक विकृती किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया असेल, तर हा निर्णय दुकानात न करता अस्थिरोगतज्ज्ञांना अथवा भौतिकोपचारतज्ज्ञांना विचारून करावा.

येथे हटकून एक प्रश्न येतो. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी जिंकली. आपले वारकरी आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट साध्या चपलांत, काही तर अनवाणी चालतात. मग बुटांचे एवढे स्तोम कशाला? (याच बिकिलाने १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळविले, हे मात्र सांगितले जात नाही.) प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे. अनवाणी चालणाऱ्या निरोगी पावलाला खडा टोचला की ते तत्क्षणी उचलले जाते. फोड येऊ लागला की माणूस नकळत चाल बदलतो, भार दुसरीकडे घेतो, थांबतो, झाडाखाली बसतो. त्या पावलाचे रक्षण चप्पल करीत नाही, वेदना करते.

व्यायामाप्रमाणे बूट

याविषयी थोडक्यात. धावण्याचे बूट पुढच्या दिशेच्या हालचालीसाठी बनविलेले असतात. त्यांची टाच उंच व मऊ असते. चालण्यासाठी ते उत्तम. बॅडमिंटन, टेनिस, एरोबिक्स अशा बाजूला झेपावण्याच्या व्यायामात मात्र त्याच उंच, मऊ टाचेमुळे घोटा मुरगळण्याचा संभव असतो; तेथे तळाला लगटून असणारा, कडा भक्कम असलेला बूट हवा. व्यायामशाळेत वजने उचलताना, विशेषतः वजन घेऊन बैठका मारताना, मऊ तळ पायाखाली डुगडुगतो. तेथे सपाट, कडक तळाचा बूट अधिक सुरक्षित. कोल्हापुरी चपलेबद्दल अभिमान बाळगावा, पण भरभर चालण्याच्या व्यायामासाठी ती नाही. टाच मोकळी असल्याने ती धरून ठेवण्यास बोटे सतत आवळावी लागतात.

ज्यांच्या पावलांची जाणीव मंदावली आहे

आता सरांच्या वाक्याकडे वळू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार २०२१ साली भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता. दीर्घकाळच्या मधुमेहात अनेकांच्या पायांतील मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. आरंभी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, चप्पल पायांतून कधी निसटली ते कळत नाही. पुढे पुढे तर या तक्रारीही थांबतात, आणि रुग्णास वाटते की आपण बरे झालो.

अशा पावलास सैल बूट ‘जाणवतच’ नाही. बूट पायांत आहे हे कळण्यासाठी तो आवळलेला असावा लागतो. म्हणून असे रुग्ण दुकानात एकामागून एक जोड बाजूला सारतात आणि शेवटी एक-दोन नंबर लहान असलेला बूट समाधानाने निवडतात. सरांचा साडेआठ मिलिमीटरांनी लहान बूट त्यांना ‘अगदी घट्ट, छान’ वाटला तो यामुळेच. निरोगी माणसासाठी जी सर्वांत विश्वासार्ह कसोटी म्हणून मी वर सांगितली, ती सुखाची कसोटी या रुग्णांच्या बाबतीत नेमकी उलटी साक्ष देते. चूक ना त्यांची होती, ना मुलाची. चालण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्यांच्या तळव्यांची संवेदना मी तपासायला हवी होती. ती तपासणी दोन मिनिटांची आहे.

या विषयाचे मूळ ज्ञान आपल्याच देशात, कुष्ठरोग्यांच्या सेवेतून निर्माण झाले, हे आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेच्या हितचिंतकांना जाणून घेणे आवडेल. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ अशी तेव्हाची समजूत होती. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मांस आपोआप सडत नाही. वेदना नसल्यामुळे तीच जागा पुनःपुन्हा दाबली, घासली, भाजली जाते आणि जखम चिघळते. त्यावर उपाय म्हणून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा थर असलेल्या चपला तयार करण्यात आल्या. ‘एमसीआर’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे रबर आज मधुमेहींच्या पादत्राणांतही वापरले जाते. फोमसारखे मऊ पण लवकर न दबणारे असे ते असते, आणि या चपला परदेशी बुटांच्या मानाने फार स्वस्त पडतात.

घरच्या माणसांनी करावी अशी एक तपासणी इंग्लंडमधील इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केली आहे. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. रुग्णाने मोजे काढून डोळे मिटावेत. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकास अलगद, एक-दोन सेकंद स्पर्श करावा आणि ‘डावा की उजवा’ ते त्यांनी सांगावे. प्रथम उजवा अंगठा, मग उजवी करंगळी. नंतर डावा अंगठा, डावी करंगळी. शेवटी उजवे मधले बोट आणि डावे मधले बोट. दाबू नये, टोचू नये, गुदगुल्या करू नयेत, आणि उत्तर आले नाही तर त्याच बोटास पुन्हा स्पर्श करू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना मंदावली आहे असे समजून रुग्णालयात तपासणीस यावे. नातवंडे हे काम फार उत्साहाने करतात असा अनुभव आहे.

संवेदना कमी असल्यास बुटाची निवड पायाला विचारून नव्हे, तर मोजपट्टीने आणि दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी करावी. बुटाचा पुढचा भाग रुंद तर हवाच, पण उंचही हवा, म्हणजे बोटांच्या वरच्या बाजूस घर्षण होत नाही. आत हात घालून शिवणी चाचपाव्यात. अंगठ्याची चप्पल, टोकदार बूट व प्लॅस्टिकची कडक पादत्राणे वर्ज्य होत. नवा बूट पहिल्या दिवशी घरातल्या घरात अर्धा तासच घालावा, काढून पाऊल उजेडात पाहावे. कोठे लाली दिसली आणि ती वीस-तीस मिनिटांत गेली नाही, तर तो बूट परत करावा. लाली नसेल तर रोज थोडा थोडा वेळ वाढवावा. दर वेळी बूट घालण्याआधी तो उपडा करून झटकावा आणि आतून हात फिरवावा. एका रुग्णाच्या बुटात दिवसभर नातवाची खेळण्यातली गोटी राहिली होती.

मोजे पांढरे किंवा फिकट रंगाचे, वरचे रबर न आवळणारे असावेत. पांढरे अशासाठी की डाग दिसावा. सरांच्या पत्नीला तो दिसला तो मोजा पांढरा होता म्हणूनच. पायास जखम किंवा फोड असताना चालण्याचा व्यायाम पूर्ण थांबवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरगुती पट्टीत तीन आठवडे घालवू नयेत. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेले मधुमेही रुग्णही आमच्याकडे येतात. अशांनी सकाळी लवकर दर्शन घ्यावे किंवा जाड मोजे घालावेत. देवाची त्यास हरकत नसावी.

बुटाचे आयुष्य

धावणाऱ्यांमध्ये ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलण्याचा प्रघात आहे. हा आकडा ढोबळ समजावा. वजन, रस्ता, चाल यांवर तो अवलंबून असतो. तळाची नक्षी शाबूत दिसली तरी मधला थर आधीच दबलेला असू शकतो. बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा. टाच एका बाजूस झुकलेली किंवा मधल्या थरावर आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, तर त्याचे काम संपले. शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमधील धावपटूंच्या एका अभ्यासात असे करणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचे आढळले आहे, शिवाय घामाने दमलेला जोड वाळण्यास दिवस मिळतो. पावसाळ्यात भिजलेले बूट कडक उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नयेत. आतली गादी काढून, रद्दी कागदाचे बोळे कोंबून, पंख्याखाली वाळवावेत.

चांगला बूट जपून, खोक्यात घालून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. काही बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेतील पाण्याच्या अंशाने तो काही वर्षांत आपोआप विघटित होतो. कोकणातील एका परिचितांनी पाच-सहा वर्षे जपलेला बूट लग्नाच्या दिवशी काढला आणि मांडवात पोहोचेपर्यंत तळाचा भुगा झाला. बूट न वापरल्याने टिकतो हा समज सोडलेला बरा.

याच संदर्भात देणगीदारांस एक विनंती. वापरलेले खेळाचे बूट गरजू रुग्णांसाठी म्हणून रुग्णालयात आणून दिले जातात. भावना आदरणीय आहे. तथापि वापरलेल्या बुटाला पहिल्या माणसाच्या पावलाचा आकार व त्याच्या चालीचा झुकाव आलेला असतो, आणि बधिर पावलासाठी तो धोक्याचा ठरतो. असे बूट रुग्णांना देणे आम्ही बंद केले आहे. त्याऐवजी न वापरलेले बूट, पांढरे सुती मोजे किंवा एमसीआर चपलांसाठी निधी मिळाल्यास त्याचा उपयोग त्वरित होईल.

सरांच्या मुलाने अमेरिकेहून एकदम दोन जोड धाडले होते. दुसरा जोड खोक्यातून निघालाही नव्हता. सर आता मागे पट्टा असलेल्या एमसीआर चपलांत रोज सकाळी पुन्हा फेऱ्या घालतात. तो जोड त्यांनी रुग्णालयाच्या पहारेकऱ्याच्या मुलाला दिला. हा मुलगा पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याची तयारी करीत आहे, आणि त्याच्या पायाचा नंबर आठ आहे. सरांनी त्याला संध्याकाळी बोलावले, मोजे घालायला लावले, दोन्ही पायांत बूट चढवून अंगणात पाच मिनिटे चालायला सांगितले, बोटांपुढची जागा स्वतः अंगठ्याने दाबून पाहिली, आणि मगच खोके त्याच्या हाती दिले.